कूलिंग टॉवर पाडायच्या आधी एकदा आत उतरून बघा

आमच्या अकोल्याला होळी झाली की घराघरात एक काम ठरलेलं असतं, कूलर बाहेर काढायचा. वर्षभर कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला तो लोखंडी डबा अंगणात ओढत आणायचा, तिन्ही बाजूच्या ताट्या काढायच्या, त्यातलं गवत खाऱ्या पाण्याने पांढरं पडून दगड झालेलं असतं, पंपाच्या जाळीत कचरा, वरच्या पन्हळीची भोकं बुजलेली, टाकीच्या तळाला गंज. मग ताट्या नव्याने भरून आणायच्या, भोकं खिळ्याने मोकळी करायची, टाकीला आतून रंग मारायचा, पंख्याला तेल द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत कूलर परत खिडकीत. ताट्यांनी खार धरला म्हणून कुणी अख्खा कूलर भंगारात दिला असं मी तरी आजवर पाहिलं नाही.

पण हेच कारखान्यात होतं. तिथे कूलरचा मोठा भाऊ असतो, कूलिंग टॉवर, दोन-तीन मजली उंच, वर भलामोठा पंखा. पंधरा-वीस वर्षं चालला, पाणी पूर्वीसारखं गार करेना, की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं "टॉवर म्हातारा झाला, नवीन घेऊ", आणि कोटेशन मागवायला सुरुवात. मी गेली बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये आहे आणि मला मनापासून वाटतं की यातले बरेचसे टॉवर पाडायची गरज नसते. टॉवर म्हणजे एक मशीन नाहीच मुळी, एक सांगाडा आणि त्यात बसवलेले सात-आठ वेगवेगळे भाग, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. सांगाडा चाळीस वर्षं टिकू शकतो आणि आतलं प्लास्टिक दहा वर्षांत बाद होऊ शकतं. कुठला भाग बिघडलाय ते न बघता सगळंच नवीन आणलं तर ते आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं.

आधी टॉवर करतो काय ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. कारखान्यात कुठेतरी उष्णता तयार होते, रिॲक्टरमध्ये, कॉम्प्रेसरमध्ये, चिलरच्या कंडेन्सरमध्ये, वीजकेंद्रात टर्बाइनमागच्या कंडेन्सरमध्ये. ती पाण्याने उचलून आणायची आणि हवेत सोडायची एवढंच काम. गरम पाणी पंपाने टॉवरच्या वर चढवतात, नोझलमधून खाली फवारतात, ते खाली पडताना पंखा त्यातून हवा ओढतो, थोडंसं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात, त्यामुळे १०० लिटरमधलं फक्त १ लिटर उडालं तरी उरलेलं ९९ लिटर जवळपास ६ अंशांनी गार होतं. एवढ्या स्वस्तात एवढी उष्णता फेकून देणारं दुसरं काही आपल्याकडे नाही, म्हणून तर सगळीकडे हेच वापरतात.

आता पाणी किती गार होणार याला एक मर्यादा असते आणि ती हवेच्या तापमानावर नाही तर ओल्या थर्मामीटरच्या तापमानावर ठरते, ज्याला सगळे वेट बल्ब म्हणतात. थर्मामीटरच्या खालच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि हवेत गरागरा फिरवायचं, जो आकडा येईल तो वेट बल्ब. कोरड्या हवेत तो खूप खाली येतो, दमट हवेत येत नाही. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर असतो पण हवा इतकी कोरडी की वेट बल्ब २४-२५ च्या आसपास असतो, आणि कोकणात त्याच वेळी पारा ३४ वरच असला तरी वेट बल्ब २८-२९ ला टेकतो. म्हणजे भाजून काढणाऱ्या नागपुरातला टॉवर कोकणातल्या टॉवरपेक्षा गार पाणी देतो! मुंबईत कूलर चालत नाही आणि विदर्भात चालतो, त्याच्यामागेही हेच आहे. टॉवर कितीही चांगला असला तरी वेट बल्बच्या खाली पाणी नेऊ शकत नाही, चांगला टॉवर ३-४ अंश वरपर्यंत आणतो आणि तिथे थांबतो.

यातून दोन शब्द येतात, रेंज आणि ॲप्रोच, आणि माझ्या मते सगळा निर्णय या दोन शब्दांवर घ्यायला हवा. गरम पाणी वजा गार पाणी म्हणजे रेंज. गार पाणी वजा वेट बल्ब म्हणजे ॲप्रोच. समजा टॉवर घेतला तेव्हा कागदावर होतं ४२ चं पाणी ३२ ला आणायचं, वेट बल्ब २८. रेंज १०, ॲप्रोच ४. आज मोजलं तर ४६ चं ३६ ला येतंय, वेट बल्ब तेवढाच. रेंज बघा, अजूनही १० च आहे, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात, "टॉवर तर १० अंश गार करतोय की" म्हणून सोडून देतात. रेंज टॉवर ठरवत नाही, ती कारखान्यातली उष्णता आणि पंपाचा प्रवाह ठरवतात. टॉवरची तब्येत दिसते ती ॲप्रोचमध्ये, आणि तो ४ चा ८ झालाय. बरं, थंडीत वेट बल्ब खाली गेला की ॲप्रोच आपसूक थोडा वाढतो, त्यात टॉवरचा दोष नसतो, म्हणून जानेवारीतला आकडा मे महिन्याच्या आकड्याशी लावू नका, टॉवरबरोबर कंपनीने दिलेले कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेट बल्बला किती गार पाणी मिळायला हवं त्याचे आलेख असतात, त्यावरून ताडून बघा. ते कागद सापडत नसतील तर बनवणाऱ्याकडे मागा, ते लागणारच आहेत.

आणि हे ४ अंश कुणी किरकोळ समजू नये. एसी-फ्रिजवर स्टार लावणारी जी केंद्राची संस्था आहे, बीईई, तिच्या मार्गदर्शिकेत दिलंय की कूलिंगचं पाणी १ अंशाने गरम मिळालं की एसीच्या कॉम्प्रेसरची वीज साधारण २.७ टक्क्यांनी वाढते. ४ अंश म्हणजे १० टक्क्यांच्या वर, रोज, चोवीस तास. त्याच मार्गदर्शिकेत औष्णिक वीजकेंद्रासाठी आकडा आहे, १ अंश कमी झाला तर युनिटमागे ५ किलोकॅलरी वाचतात. ५ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २१० मेगावॅटचा एक संच धरा आणि कोळसा किलोला ३५०० किलोकॅलरीचा, तर एका अंशाला तासाला ३०० किलो कोळसा होतो, दिवसाला सात टनांच्या वर.

आता आमच्याकडचा अनुभव सांगतो. कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल प्लांट, चार सेलचा टॉवर, म्हणजे शेजारी-शेजारी चार कप्पे, प्रत्येकाला आपला पंखा, सांगाडा काँक्रीटचा, आतलं फिल, म्हणजे पाणी पसरवणारं भरण, पीव्हीसीचं. उन्हाळ्यात पाणी ३६-३७ च्या खाली येईना, प्रॉडक्शनवाले रोज ओरडायचे, आणि नवीन टॉवरची फाइल वरती जायला तयार होती. आमचे एक जुने फिटर काका होते, रिटायरमेंटला आलेले, ते मला म्हणाले, "साहेब, सही करायच्या आधी एकदा माझ्याबरोबर आत चला." पंखा बंद केला, लॉक लावला, वरच्या दारातून आत उतरलो, ड्रिफ्ट एलिमिनेटरचा, म्हणजे वर उडणारे थेंब अडवणाऱ्या पट्ट्यांचा, एक तुकडा उचलला आणि टॉर्च मारला. खाली नोझलच्या रांगेत कुठे नोझलच नाही, नळ फुटल्यासारखं पाणी एकाच जागी धो धो पडतंय, आणि त्याच्या शेजारी चार हात जागा कोरडी ठाक. काही नोझलमध्ये प्लास्टिकचे तुकडे, गंजाचे पापुद्रे, एकात तर टॅग बांधायची वायर. काका म्हणाले, "टॉवर म्हातारा नाही झाला साहेब, त्याचं नाक चोंदलंय." मग आम्ही फिलचा एक ब्लॉक ओढून बाहेर काढला. नवीन कोरडा ब्लॉक एक माणूस बगलेत मारून शिडी चढतो इतका हलका असतो, हा हलवायला दोघं लागलो, आणि तोडून बघितला तर मधल्या फटी जांभ्याच्या लाल गाळाने आणि वर चढलेल्या चुन्याच्या थराने गच्च. हवा जाणार कुठून? त्या दिवशी फाइल थांबली.

फिल म्हणजे टॉवरचं काळीज म्हणा हवं तर, कूलरच्या ताट्याच त्या. पाणी जेवढं पसरेल तेवढी हवा त्याला जास्त लागेल, म्हणून फिल असतं. जुन्या टॉवरमध्ये लाकडाच्या पट्ट्या असायच्या, पाणी एका पट्टीवर आपटून फुटायचं, मग खालच्या पट्टीवर, याला स्प्लॅश फिल म्हणतात, आणि त्यात एका घनमीटरात उष्णता द्यायला ३० ते ४५ चौरस मीटरच पृष्ठभाग मिळतो. नंतर नालीदार पीव्हीसीचे पत्रे एकमेकांना चिकटवून केलेलं फिल्म फिल आलं, पाणी त्यावरून पातळ पडद्यासारखं उतरतं, तिथे तेवढ्याच जागेत १५० चौरस मीटरच्या आसपास. म्हणून जुन्या लाकडी टॉवरमध्ये फिल्म फिल बसवलं की तोच टॉवर आधीपेक्षा जास्त काम करू शकतो, जागा एक इंचही वाढवावी लागत नाही. पण इथे घाई करू नका, फिल्म फिलच्या फटी अरुंद असतात, पाणी गढूळ असेल, त्यात तेल किंवा प्रॉडक्टची गळती होत असेल, पावसाळ्यात नदीचं लाल पाणी येत असेल तर त्या वर्ष-दोन वर्षांत बुजतात आणि मग आधीचं लाकूड बरं होतं असं म्हणायची वेळ येते. अशा ठिकाणी रुंद आणि उभ्या नाल्यांचं किंवा जाळीसारखं फिल घ्यावं, कागदावर थोडं कमी काम करतं पण पाच वर्षांनीही तेवढंच करतं. आणि साधं पीव्हीसी पाणी ५०-५५ अंशांच्या वर गेलं की मऊ पडतं, बसतं, तेव्हा तुमचं पाणी कधीतरी ६० ला जात असेल तर ते सप्लायरला आधी सांगा, त्यासाठी वेगळं मटेरियल असतं.

नोझल आणि वरचे पाइप हे सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात दुर्लक्षित. खालून लुव्हरमधून, म्हणजे हवा आत येते त्या बाजूच्या तिरप्या पट्ट्यांमधून, बघितलं तर पाणी सगळीकडे सारख्या पावसासारखं पडायला हवं. कुठे धार, कुठे कोरडं दिसलं की समजा वर गडबड आहे, ते बघायला कुठलंही यंत्र लागत नाही.

वर ड्रिफ्ट एलिमिनेटर असतो, नागमोडी पट्ट्या, वर जाणाऱ्या हवेबरोबरचे पाण्याचे थेंब अडवतो. वाफ वेगळी, थेंब वेगळे, हे लक्षात घ्या. वाफ शुद्ध पाणी असते, थेंबात मात्र टॉवरमधले सगळे क्षार, केमिकल आणि जंतू असतात. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर पांढरे ठिपके पडतात ना, ते हेच. जुने एलिमिनेटर फिरणाऱ्या पाण्याच्या ०.०२ टक्के सोडतात, हल्लीचे चांगले ०.००२ किंवा त्याहूनही कमी, म्हणजे ताशी १००० घनमीटर पाणी फिरत असेल तर दिवसाला ४८०० लिटर थेंब उडायचे ते ४८० लिटरवर येतात. आणि हे फक्त गाड्यांपुरतं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं, त्यानंतर लोक एका अनोळखी न्यूमोनियाने आजारी पडून मेले, त्यातून लिजिओनेला हा जंतू सापडला. तो कोमट पाण्यात, गाळात, शेवाळात वाढतो आणि बारीक थेंबातून श्वासावाटे आत जातो. २०१५ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये अशीच साथ आली, ती एका इमारतीच्या कूलिंग टॉवरपर्यंत पोचली, आणि शहराने टॉवरची नोंदणी आणि तपासणी कायद्याने सक्तीची केली. आपल्याकडे हॉस्पिटल, हॉटेल, मॉलच्या गच्चीवर हेच टॉवर असतात. फिल आणि एलिमिनेटर बदलणं, बेसिनमधला, म्हणजे खालच्या टाकीतला गाळ काढणं हे तिथे आरोग्याचं काम आहे असं धरून करायला हवं.

पंख्याकडे येऊ. जुन्या टॉवरवर ॲल्युमिनियमची ओतीव पाती असतात, जड, आणि त्यांचा आकार आजच्या मानाने ढोबळ. त्या जागी एफआरपीची, म्हणजे काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकची पोकळ पाती बसवली की वजन उतरतं, गिअरबॉक्सवरचा ताण उतरतो, आणि पात्याचा आकार नीट असेल तर तेवढीच हवा कमी विजेत मिळते. पण नवीन पाती घ्यायच्या आधी आहेत त्यांचे कोन मोजा, सगळी पाती एका कोनात आहेत का, आणि पात्याचं टोक आणि भोवतालचं नळकांडं यात फट किती आहे, कारण तिथून हवा परत खाली येते. यानंतर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. पंख्याचं एक गणित असं आहे की वेग थोडा कमी केला तर वीज खूप कमी होते, वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. ८० टक्के वेगाला फक्त ५१ टक्के वीज लागते, म्हणजे ४५ किलोवॅटचा पंखा २३ वर चालतो. रात्री आणि थंडीत वेट बल्ब खाली असतो तेव्हा पूर्ण वेगाने पंखा फिरवायची गरजच नसते, तरी वर्षानुवर्षं फिरतोय, कारण बटण फक्त चालू आणि बंदचं आहे.

मग येतात हाडं, म्हणजे सांगाडा, आणि दुरुस्त करायचं की पाडायचं याचं खरं उत्तर इथेच मिळतं. काँक्रीट असेल तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक अशा तपासण्या असतात, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. एक तपासणी मला फार आवडते, काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घ्यायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं, काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा मेला असेल तर रंगच येत नाही, आणि तो बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर आत गंज सुरू व्हायला वाट मोकळी. क्षारांमुळेही गंज येतो, म्हणून एकट्या गुलाबी रंगावर विसंबू नका. लाकूड असेल तर हातोडी मारत जा आणि आवाज ऐका, खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आतून पोकळ, वरून रंग कितीही चांगला असो. लाकडाला बुरशी खाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्तीचं क्लोरीनही खातं, पाण्यात मोकळं क्लोरीन १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर सतत राहिलं की लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन विरघळतं आणि लाकूड पिंजल्यासारखं होतं. थोडेफार खांब, तिरपे आधार गेले असतील तर तेवढेच एफआरपीचे बसवता येतात. नटबोल्ट मात्र सरसकट बदला, स्टेनलेसचे घाला, तिथे काटकसर नको.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या टॉवरचं लाकूड टिकावं म्हणून त्याला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण पाजलेलं असू शकतं. ते भंगारवाल्याबरोबर बाहेर जातं आणि कुठल्यातरी ढाब्याच्या भट्टीत किंवा कामगारांच्या चुलीत जळण म्हणून जातं, त्याच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असतं. आणि जुने करडे सिमेंटचे पत्रे, लुव्हर, पाइप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते ग्राइंडरने कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे आणि घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यायचे. काँट्रॅक्टरला हे ऑर्डरमध्ये लेखी लिहून द्या.

पाण्याचं गणितही रिफर्बिशमध्ये, म्हणजे जुनाच टॉवर दुरुस्त करून नवा करण्यात, धरायलाच हवं, आपल्या राज्यात तर नक्कीच. वाफ उडते, क्षार मागे राहतात, पाणी दाट होत जातं, म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, ते ब्लोडाऊन. ताज्या पाण्यापेक्षा टॉवरचं पाणी किती पट दाट होऊ द्यायचं त्याला सायकल म्हणतात. ताशी १००० घनमीटर फिरतंय आणि रेंज १० आहे असं धरा, तर ताशी १५ घनमीटरच्या आसपास वाफ होते. ३ सायकलवर चालवलं तर ताजं पाणी लागतं ताशी २३ घनमीटर, ६ वर चालवलं तर १८.४. फरक दिवसाला १ लाख १० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे अकरा टँकर, रोज. त्यासाठी बाजूने चालणारा फिल्टर, कंडक्टिव्हिटी (पाणी वीज किती वाहून नेतं, त्यावरून क्षार कळतात) बघून आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह आणि नीट केमिकल ट्रीटमेंट लागते, नवीन टॉवर लागत नाही. परळीचं वीजकेंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॅट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली, आणि असल्या केंद्रात पाण्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कूलिंग टॉवरच असतो.

चंद्रपूरला, कोराडीला रस्त्यावरून दिसतात ते कमरेत बारीक प्रचंड टॉवर, ज्यातून धूर निघतो असं लोकांना वाटतं, तो धूर नाही, वाफ आहे, आणि तेही कूलिंग टॉवरच, फक्त पंख्याऐवजी उंचीमुळे हवा आपोआप वर ओढली जाते. तिथे तर नवीन बांधायचा विचारच फार मोठा, म्हणून कवच तेच ठेवून आतलं फिल, नोझल, एलिमिनेटर बदलतात. कवचाची मात्र काळजी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरला फेरीब्रिजचे आठ टॉवर होते, १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात त्यातले तीन कोसळले, दाटीवाटीने उभे असल्यामुळे वारा मधून जोराने घुसला आणि कवच तेवढ्या जोराचा विचार करून बांधलं नव्हतं. पडलेले तीन नव्याने बांधले, आणि उरलेले पाच पाडले नाहीत, मजबूत करून वापरले. केंद्र बंद झालं २०१६ मध्ये.

काम कधी करायचं? थंडीत, एका वेळी एक सेल. डिसेंबर-जानेवारीत वेट बल्ब इतका खाली असतो की चारपैकी तीन सेलवर प्लांट चालतो, आधी लोड बघून खात्री करा पण बहुतेक ठिकाणी चालतो. नवीन टॉवरसाठी पाया, पाइपिंग, जुना पाडणं आणि मोठा शटडाऊन लागतो, इथे प्लांट चालू ठेवून काम होतं, आमच्याकडे तसंच केलं. दोन धोके मात्र डोक्यात पक्के ठेवा. पहिला आगीचा. चालू टॉवर दिवसभर भिजलेला असतो म्हणून कुणाला वाटतच नाही की तो पेटेल, पण बंद करून चार दिवस वाळला की सुकं लाकूड, एफआरपी, प्लास्टिक आणि खालून वर वाहणारी हवा, म्हणजे धुराडंच, आणि टॉवरच्या आगी अशा कामाच्या वेळीच लागतात, वेल्डिंग किंवा गॅस कटिंगची एक ठिणगी पुरते. हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी), खाली पाण्याची लाइन चालू, काम संपल्यावरही एक माणूस तिथे थांबलेला. दुसरा धोका पंख्याचा. मोटर लॉक केली तरी शेजारच्या सेलच्या ओढीने किंवा वाऱ्याने बंद पंखा हळूहळू फिरतो, म्हणून आत माणूस जाणार असेल तर पाती दोरखंडाने किंवा क्लॅम्पने बांधायचीच.

आता, नवीन कधी घ्यावा हेही सांगायला हवं. खांबांच्या सळया उघड्या पडल्या असतील आणि इंजिनिअर नाही म्हणत असेल तर विषय संपला. टॉवरच्या बाजूला नंतर शेड किंवा भिंत उभी राहिली आणि टॉवरची गरम दमट हवा वळून परत आत येत असेल तर फिल बदलून काही होणार नाही, जागाच चुकीची झाली. प्लांटचा लोड दुप्पट झाला असेल तर निदान एक सेल जास्तीचा लागेल. आणि छोट्या हॉटेल-हॉस्पिटलच्या गच्चीवरचे गोल बाटलीसारखे टॉवर बॉडीला तडे जाऊन गळायला लागले तर बहुधा नवीनच बरे पडतात. उलट कधीकधी टॉवर निर्दोष असतो, हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे प्लांटची उष्णता पाण्यात उतरते तिथे, क्षार चढलेले असतात आणि प्रॉडक्शनवाले टॉवरला शिव्या देतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून गार पाण्याचं तापमान टॉवरच्या बेसिनमध्ये मोजा आणि एक्स्चेंजरच्या दोन्ही तोंडांनाही मोजा.

काँट्रॅक्टरशी बोलताना "फिल बदलून द्या" एवढंच लिहू नका, इतक्या पाण्याला, इतक्या वेट बल्बला, इतकं गार पाणी मिळालं पाहिजे असं लिहा आणि काम झाल्यावर मोजून घ्या, त्यासाठी सीटीआय या अमेरिकन संस्थेची ठरलेली चाचणी पद्धत आहे, मोठ्या टॉवरला ती लावा. आमच्या टॉवरचा ॲप्रोच पुढच्या मे महिन्यात ८ वरून साडेचारवर आला.

काकांनी जाता जाता एक सवय लावून दिली ती अजून चालू आहे. प्रत्येक सेलमध्ये फिलचा एक ब्लॉक असा बसवलाय की तो सहज बाहेर येतो, त्याला लाल पट्टी बांधली आहे. बसवताना तो कोरडा वजन करून आकडा आतल्या दारावर ऑइल पेंटने लिहिला. दर सहा महिन्यांनी तो काढायचा, पाणी निथळू द्यायचं, काट्याला टांगायचा, नवा आकडा जुन्याच्या खाली लिहायचा. वजन वाढायला लागलं की फिल्टर आणि केमिकलवाल्याला बोलवायचं, ॲप्रोच वाढायची वाट बघायची नाही. तीन नंबरच्या दारावर आता सात आकडे झालेत, पहिल्यात आणि सातव्यात फरक एका किलोच्या आतला आहे.